कागद, शाडू, गोधडी : पुण्यात अभिव्यक्तीचा गट वर्षभर चालवताना

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या शनिवारच्या गटाचं पहिलं प्रदर्शन झालं. आता थोडी उसंत आहे, म्हणून हे लिहून काढतो आहोत. नैराश्य, बायपोलर, स्किझोफ्रेनिया, घरातला मृत्यू, जुनी मारहाण, अशा कशातून तरी गेलेली माणसं आठवड्यातून दोन तास एकत्र बसतात आणि चित्रं काढतात, माती मळतात, टाके घालतात, लिहितात. गट चालवणाऱ्या चौघांत डॉक्टर किंवा समुपदेशक कुणी नाही. असं काही सुरू करू पाहणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात : जागा कोण देतं, खर्च किती येतो, कुणाला त्रास झाला तर काय करायचं, कागदपत्रं कोणती लागतात. या गोष्टी ज्या क्रमानं समोर आल्या त्याच क्रमानं सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये आधी शहरात काय चालू आहे ते पाहिलं. पुण्यात या कामाला मोठा आधार आहे. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये इथे बापू ट्रस्ट सुरू केला. आईचं मनोरुग्णालयांतलं आयुष्य पाहत त्या वाढल्या, आणि संस्थेला नावही आईचंच दिलं. ट्रस्टच्या 'सेहेर' उपक्रमानं पुण्याच्या वस्त्यांमध्ये जाऊन, कुणाला कोंडून न ठेवता, शेजारपाजाराच्या मदतीनं आणि कलेच्या माध्यमातून काम केलं. दावर २०२४ मध्ये गेल्या. १९९७ पासून काम करणारी सिझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन धायरीला आहे. तिथले स्वमदत गट रुग्ण आणि नातेवाईक दोघांसाठी आहेत. आपल्या भागात आधीपासून काही असेल तर त्याला जोडून घ्या, नवा गट काढायची घाई करू नका. आम्ही वेगळा गट काढला तो पेठांमध्ये संध्याकाळी, कोणताही निदानाचा कागद न मागणारी जागा हवी होती म्हणून.

त्याच महिन्यात आमची भूमिका पक्की झाली. ब्रिटनमधल्या नेदर्न मनोरुग्णालयात एडवर्ड अ‍ॅडमसन या चित्रकारानं १९४६ पासून रुग्णांसाठी स्टुडिओ चालवला. तो बाजूला बसून राही, सामान देई, आणि चित्राचा अर्थ लावत नसे. आमच्या मते सगळं इथेच आहे. आजारी ठरलेल्या माणसाचं बोलणं, गप्प बसणं, हसणं, सगळं लक्षण म्हणून वाचलं जातं. निदान दोन तास त्यानं काढलेली काळी रेघ ही काळी रेघच राहावी. म्हणून लेखी नियमांत पहिला हा : कामाबद्दल बोलायचं, माणसाबद्दल नाही. 'हा निळा कसा मिळवलास?' चालतं, 'हे झाड एकटं का आहे?' चालत नाही. 'छान' हेही टाळायचं. एकाला छान म्हटलं की शेजारचा आपला कागद पालथा घालतो, आणि छान म्हटलेला पुढच्या आठवड्यात तेच चित्र पुन्हा काढतो.

दुसरा नियम औषधांचा. गटातले निम्म्याहून जास्त लोक गोळ्या घेतात. गोळी सुरू करा, बंद करा, कमी करा, असा सल्ला गटात कुणी कुणाला द्यायचा नाही. मनोविकारावरच्या बऱ्याच गोळ्या अचानक थांबवल्या की त्रास उलटतो, आणि त्या वेळी रात्री दोन वाजता आपण तिथे नसतो.

जागेला फेब्रुवारी आणि मार्च गेले. 'मानसिक त्रासातून गेलेले लोक' हे शब्द ऐकले की काही ठिकाणी हॉल अचानक 'बुक' निघतो. तरीही खोटं सांगून जागा घेऊ नका. नंतर कळलं तर सगळ्या गटाला बाहेर पडावं लागतं, आणि ते फार लागतं. अर्जात आम्ही असं लिहिलं : कला व लेखन गट, जास्तीत जास्त १४ माणसं, शनिवार साडेचार ते साडेसहा, ध्वनिवर्धक नाही, आच नाही, सफाई आमची, जबाबदार व्यक्तींची नावं आणि फोन खाली. गट कुणासाठी आहे ते समक्ष सांगितलं. शेवटी एका जुन्या वाचनालयानं वरच्या मजल्याची खोली दिली. दर बैठकीला ४०० रुपये, अनामत २,००० रुपये. जागा पाहताना तीन गोष्टी बघा : पाण्याचा नळ त्याच मजल्यावर आहे का, दार आतून सहज उघडतं का, आणि खोलीबाहेर बसायला एखादा बाक आहे का. बाक फार कामाचा. आत नको झालं की माणूस तिथे बसतो, आणि त्याला घरी निघून जावं लागत नाही.

पहिली बैठक पाडव्यानंतरच्या शनिवारी, १३ एप्रिलला झाली. सामान अप्पा बळवंत चौकातून घेतलं : १५० जीएसएमचा ए-थ्री कार्ट्रिज कागद, ऑइल पेस्टल, पोस्टर कलरच्या मोठ्या बाटल्या (फक्त लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा, बाकीचे रंग मिसळून होतात), रुंद ब्रश, फेविकॉल, बोथट टोकाच्या कात्र्या. सगळे मिळून ३,८०० रुपये लागले. पाठकोरे कागद मात्र ओळखीच्या कार्यालयांतून गठ्ठ्यानं मिळाले, आणि तेच सर्वांत जास्त वापरले गेले. नवा कोरा पांढरा कागद भल्याभल्यांना घाबरवतो. एका बाजूला कुणाचं तरी बिल छापलेलं असलं की बिघडायची भीती निम्मी होते. ज्याचा हात उठतच नाही त्याला कागद फाडायला द्या. वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडून चिकटवणं हे चित्र काढण्यापेक्षा सोपं असतं, आणि दहा मिनिटांत समोर काहीतरी उभं राहतं.

गोळ्यांचे परिणाम सामान निवडताना लक्षात घ्यायला लागतात, आणि हे कुठे लिहिलेलं सापडत नाही म्हणून सविस्तर सांगतो. बायपोलरवर दिल्या जाणाऱ्या लिथियमनं आणि इतर काही औषधांनी हात थरथरतात. अशा माणसाच्या हाती पातळ पेन्सिल दिली की त्याला थरथरच दिसत राहते. जाड खडू द्या, किंवा ब्रशच्या दांड्यावर कापडाची पट्टी गुंडाळून तो जाड करा, आणि बसून काढण्याऐवजी भिंतीवर मोठा कागद लावून उभ्यानं, खांद्यातून हात हलवत काढू द्या. काही औषधांनी पाय एका जागी ठरत नाहीत. चकरा मारणाऱ्याला 'बसा ना' म्हणायचं नाही. खोलीची एक बाजू मोकळी ठेवायची. इतर गोळ्यांचे दुष्परिणाम कमी करायला दिल्या जाणाऱ्या ट्रायहेक्सीफेनिडिलसारख्या गोळीनं तोंड कोरडं पडतं आणि जवळचं अंधूक दिसतं; म्हणून पाणी हाताशी आणि लिहायला रुंद ओळींच्या वह्या. लिथियम घेणाऱ्यानं घाम गाळून पाणी कमी पिणं धोक्याचं, कारण रक्तातलं प्रमाण वाढतं. एप्रिल-मे मध्ये माठ भरलेला असणं हे आमचं पहिलं काम असे. आणि सकाळची वेळ ठेवूच नका. रात्रीच्या गोळीची गुंगी अकरापर्यंत असते. सकाळी दहाला लोक येत नाहीत आणि आपण त्याला आळस समजतो.

दोन तासांची आखणी हळूहळू बसली. पहिली पंधरा मिनिटं हातांना चाळा : माती मळणं, कागद फाडणं. मग पाऊण तास काम, चहाला पंधरा मिनिटं, त्यानंतर ज्याला वाटेल त्यानं काम मध्ये ठेवायचं आणि ज्याला वाटेल त्यानं बोलायचं. शेवटची वीस मिनिटं आवराआवर. ही आवराआवर सगळ्यांनी मिळून करायची. ब्रश धुताना, बस्करं उचलताना माणसं जमिनीवर येतात. एखादा चित्रात फार खोल गेलेला असेल तर त्याला तसाच रस्त्यावर पाठवणं बरं नाही.

महिन्याभरानं, मे मध्ये, लेखन आणलं. त्याआधी आणू नये. जेम्स पेनिबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा अभ्यास बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतो : विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या सर्वांत वाईट अनुभवाबद्दल लिहिलं, आणि ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. त्याच अभ्यासातलं दुसरं निरीक्षण लोक विसरतात : लिहून झाल्या झाल्या माणसाला आधीपेक्षा वाईट वाटतं. शिवाय २००६ मध्ये १४६ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं तेव्हा सरासरी फायदा दिसला, पण लहान. त्यामुळे लेखनाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवली नाही आणि काही काळजी घेतली. लेखन पहिल्या तासातच, कधीही शेवटी नाही. वेळ बारा मिनिटं, घड्याळ लावून. त्यानंतर पाच मिनिटं अगदी कोरडं वर्णन : स्वारगेटहून इथपर्यंत बस कोणत्या थांब्यांवरून आली, खिडकीतून काय दिसतं. लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती नाही, फाडायची मुभा आहे, आणि लिहिताना फार झालं तर विषय बदलायचा हे आधीच सांगून ठेवायचं. रात्री एकट्यानं मोबाइलवर असं लिहू नका, हेही सांगतो.

तरीही 'मी' नं सुरू होणारं वाक्य कित्येकांना जमत नव्हतं. तिथे उपयोगी पडल्या जात्यावरच्या ओव्या. गी पॉईतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून काम करत, गावोगावच्या बायकांकडून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. 'पारी' (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या ग्रामीण भारताच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या आता ऐकायला मिळतात. पहाटे दळताना बायका सासर, मार, मेलेलं मूल, माहेर, सगळं बोलत. ते बोलणं जात्याला, सखीला, पावसाला उद्देशून असे. समोर कुणीतरी आहे, पण तो उलटून प्रश्न विचारत नाही. आम्ही एवढंच सुचवलं : दोन ओळी, आणि त्या कशाला तरी उद्देशून. कुणी पंख्याला लिहिलं, कुणी गोळीच्या पाकिटाला, कुणी पीएमटीच्या बसला. तोंडानं एक शब्द न बोलणारी माणसं या दोन ओळींत बोलली. वर्षभरात जे जे करून पाहिलं त्यात हे सर्वांत जास्त लागू पडलं.

पावसाळ्यात शाडूनं छळलं. दहा किलोची गोणी तेव्हा साधारण २०० रुपयांना मिळाली, पण हवेत ओल असली की वस्तू वरून वाळते आणि आत ओलीच राहते, मग आठवड्यानं भेग पडते. मुठीएवढ्या वस्तूपेक्षा मोठं काही केलं तर आतून पोकळ करा, भिंत बोटभर जाडीची ठेवा. पहिले दोन दिवस ओलसर फडक्यात, मग सावलीत, पंख्यापासून लांब. जोडाचे भाग नुसते चिकटवू नका. दोन्ही बाजूंना रेघोट्या ओढून मधे पातळ मातीचा लेप द्या. मूर्तीचा हात गळून पडला तर दुसऱ्यासाठी ती वस्तू असते, पण ज्यानं केली त्याला ते मोडणं फार आत लागतं. म्हणून 'ही वाळताना भेगाळू शकते' हे सुरू करतानाच सांगायचं. न वाळलेली माती पुन्हा मळता येते हेही सांगायचं. काही जण मुद्दाम दर आठवड्याला वस्तू करून मोडत, आणि त्यांना तेच हवं असे. याच दिवसांत पोस्टर कलरवर बुरशी येते, झाकणं घट्ट लावा. घरी केलेली खळ जून ते सप्टेंबर नकोच.

ऑगस्टपासून ढोल-ताशांचा सराव सुरू झाला. ज्यांना इतरांना न येणारे आवाज ऐकू येतात त्यांच्यासाठी हा महिना कठीण. नुसत्या मोठ्या आवाजाचा प्रश्न नाही; ठेक्यात आपल्या आवाजांचे शब्द मिसळतात असं ते सांगतात. गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला शनिवारीच होती, आणि पुढच्या शनिवारी पेठांतले रस्ते संध्याकाळी बंद. त्या दोन बैठका आम्ही कोथरूडला एका घरी, दुपारी घेतल्या. बदल तीन आठवडे आधी कागदावर छापून हातात दिला. मेसेजवर विसंबू नका. बरे नसलेले लोक फोन दिवसच्या दिवस बघत नाहीत.

मरणाबद्दल लिहिलेलं समोर आलं तर काय, हे पहिल्या बैठकीआधीच ठरलेलं असावं. प्रत्येकजण येताना एक बंद पाकीट देतो : अडचणीच्या वेळी कुणाला फोन करावा, कुणाला अजिबात करू नये, कोणते डॉक्टर, कोणत्या गोळ्या. हे पाकीट आम्ही एरवी उघडत नाही, गट सोडताना परत देतो. मरणाचा उल्लेख आला तर घाबरून विषय बदलायचा नाही आणि सर्वांसमोर चर्चाही करायची नाही. गट चालवणाऱ्यांपैकी एकानं बाहेरच्या बाकावर सोबत बसायचं आणि सरळ विचारायचं : जीव द्यावासा वाटतोय का, कसं ते ठरवलंय का, आज रात्री घरी कोण आहे. विचारल्यानं कल्पना डोक्यात भरते हा गैरसमज आहे. बेत ठरलेला असेल तर एकटं सोडायचं नाही. पाकिटातला फोन लावायचा, जवळच्या रुग्णालयात सोबत जायचं. टेली-मानस या मानसिक मदतीच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. कुटुंबं पोलिसांच्या भीतीनं लपवतात, त्यांना हे सांगा : मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ नुसार, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, आणि असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं भारतीय दंड संहितेतलं जुनं कलम ३०९ नव्या भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही. पाकिटाची गोष्ट कायदेशीर करायची असेल तर त्याच २०१७ च्या कायद्यानं कुणाही सज्ञान माणसाला अ‍ॅडव्हान्स डिरेक्टिव्ह करता येतो : आजार बळावला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीनं कोण बोलेल.

दिवाळीत गट बंद ठेवायचा विचार होता. पण २ नोव्हेंबरचा पाडवा शनिवारी आला, आणि सणाला घरी न बोलावली जाणारी माणसं गटात होती. त्या दिवशी गोधडी सुरू केली. शिंप्यांकडच्या चिंध्या आणि जुन्या साड्या, १५ सेंटिमीटरचे चौकोन, मोठ्या नेढ्याची सुई, दुहेरी सुती दोरा, साधा धावदोरा. सुया मोजून द्यायच्या, मोजून परत घ्यायच्या. गोधडीला खाली बघावं लागतं, त्यामुळे एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलता येतं. सर्वांत मोकळ्या गप्पा तिथेच झाल्या. शिवाय थरथरत्या हाताचा टाका वाकडा आला तरी गोधडीत तो शोभतो.

याच सुमारास एक देणगी धनादेशानं मिळणार होती, तेव्हा नोंदणीचा विषय निघाला. पहिलं वर्ष तरी नोंदणीच्या मागे लागू नका असंच आमचं मत आहे. डब्यात ज्याला जमेल त्यानं पैसे टाकायचे, कुणी टाकले ते बघायचं नाही, आणि हिशेब दर महिन्याला भिंतीवर लावायचा. भाडं, सामान, चहा मिळून त्या वर्षी महिन्याला साडेतीन हजारांत भागलं. नोंदणी करायचीच तर महाराष्ट्रात १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सदस्य लागतात, आणि त्याच संस्थेला १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याखालीही नोंदवावं लागतं, म्हणजे दोन प्रमाणपत्रं. घटना व नियमावली, सदस्यांचे ओळखपत्र, पत्त्यासाठी जागामालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल, प्रतिज्ञापत्र. त्यानंतर पॅन, मग बँक खातं. देणगीदाराला करसवलत हवी तर प्राप्तिकर खात्याकडे अर्ज वेगळा. दरवर्षी लेखापरीक्षण, आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज. वकिलांची फी १२,००० रुपये झाली. त्यांनी मसुदा वाचतानाच एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : उद्दिष्टांत 'उपचार' आणि 'पुनर्वसन' लिहू नका. हे शब्द आले की मानसिक आरोग्य आस्थापनेची नोंदणी, तिथले निकष, हे प्रश्न उभे राहतात. आम्ही लिहिलं : कला, वाचन-लेखन आणि परस्पर आधार. जे करतो तेच ते आहे.

प्रदर्शन ८ आणि ९ फेब्रुवारीला, एका छोट्या दालनात. तयारीतलं मोठं काम संमतीचं. एका सहीवर भागत नाही. चार वेगळे प्रश्न विचारा : काम लावायचं का, नाव लिहायचं का, फोटो चालेल का, विकायचं का. उत्तर त्या दिवशी सकाळपर्यंत बदलता येईल असं ठेवा. दोन कामं आम्ही उघडण्याआधी उतरवली आणि जागा तशीच मोकळी ठेवली. पाटीवर शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. निदान कुठेच नाही, बाहेरच्या फलकावरही नाही. 'मनोरुग्णांची कला' असं एकदा लिहिलं की प्रेक्षक चित्राकडे बघायचं सोडून आजार शोधू लागतो. चित्रं चौकटीशिवाय, जाड पुठ्ठ्यावर लावून, मध्य जमिनीपासून दीड मीटरवर येईल असं टांगली. विक्रीचे पैसे पूर्ण करणाऱ्याचे. नातेवाईकांना आधी भेटून सांगा की अर्थ विचारू नका. आईवडील चित्रात स्वतःला शोधतात आणि घरी जाऊन भांडण होतं. त्या दिवसांत शहरात जीबीएस या, दूषित पाण्याशी जोडल्या गेलेल्या मज्जातंतूंच्या आजाराची धास्ती होती, म्हणून पिण्याचं पाणी उकळून नेलं होतं.

प्रदर्शन उतरल्यावर बहुतेकांना दोन-तीन दिवस रितं वाटतं, झोप बिघडते, आणि ज्यांना आधी उन्मादाचा त्रास झालेला आहे त्यांची झोप उलट कमी होऊन उत्साह चढू शकतो. दोन्हीसाठी सोमवारी प्रत्येकाला एक फोन करा आणि पुढचा शनिवार सुट्टीचा ठेवू नका. त्या बैठकीला कामं परत द्या. न नेलेली कामं वर्षभर सपाट ठेवा, मधे पाठकोरे कागद घालून. वर्ष झाल्यावर करणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही टाकू नका.